नको म्हणेल तो खरा

कोथरूड, पुणे
संकष्टी (चंद्रोदयाला अजून अवकाश आहे, तेव्हा पत्र लांबलं तर दोष पंचांगाचा)

तीर्थस्वरूप आप्पांना धाकट्या हिराचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द रूढीनं आला आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सध्या त्यातली दोन अंगं वगळायला सांगितली आहेत.) तुमची कंबर कशी आहे? विट्याला ऊन तापायला लागलं असेल. साखर आटोक्यात आहे असं वहिनी सांगतात, पण त्या तुमच्या बाजूनं बोलतात, म्हणून स्वतंत्रपणे विचारते. आंबा अजून सुरू केला नसेल तर उत्तम, आणि केला असेल तर मला कळवू नका, मला कुणाच्या पापात वाटेकरी व्हायचं नाही. आम्ही इकडे सर्व क्षेम आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पुढे वाचाल तेव्हा हे वाक्य मागे घेतलं असं समजावं.

फोन सोडून पत्र का, असं मनात आलं असेल. आप्पा, मी तुम्हाला या महिन्यात कितीतरी वेळा फोन केला. दर वेळी तुम्ही ‘कोण हिरा?’ म्हणालात. शेवटच्या खेपेला तर तुम्ही माझी परीक्षा घेतलीत आणि आपल्या लहानपणी गोठ्यात जी म्हैस होती तिचं नाव विचारलंत. मी ‘चंद्री’ असं बरोबर उत्तर दिलं. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘हल्ली यंत्राला सगळं ठाऊक असतं,’ आणि फोन ठेवलात. पेपरात रोज फसवणुकीच्या बातम्या येतात, माणसानं सावध असलंच पाहिजे, आणि पाटबंधारे खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला गळती कुठून होते हे आम्ही काय सांगावं. पण सख्ख्या बहिणीला म्हशीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळूनही नापास करणं हे जरा जास्त झालं. म्हणून आज शाईचं पेन काढलं. माझं अक्षर तुम्ही ओळखाल, त्यापायी तुमच्या हातचा मार खाल्ला आहे. इतकं वाईट अक्षर अजून तरी कुठल्या यंत्राला जमलेलं नाही.

तर मुद्दा असा, की तुमच्या भाचीचं, आपल्या स्पृहाचं दुकान बंद पडायच्या बेतात आहे.

दुकान तुम्ही पाहिलेलं नाही, कारण ते दिसतच नाही. ते इंटरनेटवर आहे. हाताला लागेल असं म्हणाल तर वारज्यात एक गाळा आहे, त्यात टीव्ही-लॅपटॉपची खोकी, कामाला दोन मुली आणि एक पंखा. दुकानाचं नाव ‘घरपोच’. आता एवढी मोठमोठी दुकानं असताना या पोरीचं कोण घेतं, असं मलाही वाटायचं. पण तिनं एक बरोबर हेरलं. आमच्या कोथरुडात अशी रीत पडली आहे की आईवडील इथे आणि मुलं अमेरिकेत. तिकडे मुलाला एखाद्या रविवारी आईची आठवण येते आणि त्या आठवणीचं संध्याकाळपर्यंत टीव्हीत किंवा हवा शुद्ध करायच्या यंत्रात रूपांतर होतं. तो तिकडून कार्डानं पैसे भरतो. मोठं दुकान खोकं दाराशी ठेवून निघून जातं. स्पृहाच्या मुली खोकं फोडतात, वस्तू लावून देतात, पडद्यावरची अक्षरं मोठी करतात, तीच गोष्ट तीनदा सांगतात आणि चौथ्यांदा कागदावर लिहून भिंतीला चिकटवतात. (परत निघताना रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालून द्यावी लागते. ती घालेपर्यंत आमच्याकडे वस्तू घरात आली असं कुणी मानत नाही.) धंदा बरा चालला होता.

मेख पुढेच आहे. आपल्याकडच्या कार्डाला मोबाइलवर एक आकडा येतो आणि तो भरल्याशिवाय पैसे हलत नाहीत. तिकडच्या बऱ्याच कार्डांना तो आकडा लागत नाही. म्हणजे एखाद्या भामट्यानं तिकडच्या कुणाच्या कार्डाचे तपशील चोरले, की तो हिंजवडीत बसून आज्ञाधारक मुलगा बनतो आणि इथल्या पत्त्यावर लॅपटॉप मागवतो. खरा कार्डवाला पुढे हिशेब पाहतो, बँकेला म्हणतो, ‘हे मी घेतलेलं नाही,’ आणि बँक ते पैसे दुकानाकडून परत ओढून घेते. वस्तूही गेली, पैसेही गेले. पण खरी भीती त्याहून वेगळी आहे. अशा तक्रारी वाढल्या की कार्डांचा व्यवहार सांभाळणारी कंपनी म्हणते, तुमचं दुकान धोक्याचं, आजपासून तुमच्याकडे कार्ड चालणार नाही. स्पृहाला त्यांनी स्पष्ट कळवलं आहे, की तिसरी तक्रार सिद्ध झाली तर कार्ड बंद. आणि कार्ड बंद म्हणजे दुकान बंद, कारण अमेरिकेतला मुलगा काही रोकड घेऊन वारज्याला यायचा नाही. पहिल्या दोन तक्रारी येऊन गेल्या आहेत. दोन्हींचं श्रेय तुमच्या धाकट्या बहिणीकडे जातं.

झालं असं, की मी शाळेतून मुदतीआधी निवृत्त झाले आणि घरी बसून स्पृहाच्या बोलण्यातल्या इंग्रजी शब्दांचा पाठलाग करू लागले. ती एकदा म्हणाली, ‘आई, तुला तपासायला काहीतरी हवंच आहे ना, मग माझ्या ऑर्डरी तपास.’ काम सोपं होतं. तिकडून मुलानं काही मागवलं की इथल्या आईवडिलांना फोन करायचा, चार प्रश्न विचारायचे आणि माणसं खरी आहेत की बनावट ते ठरवायचं. पंचवीस वर्षं मी संस्कृतच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. एका विसर्गाच्या चुकीवरून कॉपी कुठल्या बाकावरून कुठल्या बाकावर गेली ते मी सांगत असे. मला वाटलं, हे तर त्याहून सोपं.

पहिलाच फोन एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना केला. त्यांच्या मुलानं, इंद्रजीतनं, टेक्सासहून मोठा टीव्ही मागवला होता. ते म्हणाले, ‘आमच्या इंद्रजीतनं? टीव्ही? शक्य नाही. तो एवढा खर्च करणाऱ्यातला नाही. बाई, तुम्हाला कुणीतरी फसवतंय.’ जन्मदाताच असं म्हणतो म्हटल्यावर मी ती ऑर्डर बाणेदारपणे रद्द केली. दुसऱ्या दिवशी टेक्सासहून इंद्रजीतचा फोन आला. वडिलांनी ओळख नाकारल्याचं त्याला काही वाटलं नव्हतं (त्याची सवय आहे म्हणाला), दुकानानं नाकारल्याचं वाटलं होतं. पुढच्या एक बाई. ‘कशाला पाठवलं? आहे तो चालतोय. परत न्या. आणि किती रुपये घातले तेवढं सांगा, म्हणजे मला त्याला नीट रागावता येईल.’ ही ऑर्डरही मला संशयास्पद वाटली. असं करता करता पहिल्या पंधरवड्यात मी स्पृहाचं बरंच खरं गिऱ्हाईक घालवलं.

आणि मग वैजनाथकाका आले. म्हणजे फोनवर आले. त्यांच्या मुलानं दोन लॅपटॉप आणि तीन भारी मोबाइल मागवले होते, पत्ता हिंजवडीचा. आप्पा, काय तो आवाज. ‘आपल्याला त्रास दिला,’ म्हणाले. मी प्रश्न विचारले तर म्हणाले, ‘अगदी योग्य करता आहात, हल्ली दिवस वाईट आहेत.’ माझ्या मराठीचं कौतुक केलं. मुलगा कसा आहे म्हटलं, तर म्हणाले, ‘फार जपतो हो आम्हाला.’ नको म्हणाले नाहीत, किंमत विचारली नाही, बिलाचा उच्चार केला नाही. असा तृप्त बाप मी कोथरुडात पाहिला नव्हता. मी डोळे पुसून स्पृहाला म्हटलं, पाठव, आणि आधी पाठव.

महिन्याभरानं कळलं, की ते कार्ड ओहायोतल्या एका आजीबाईंचं होतं आणि हिंजवडी हे गाव आहे की आजार याची त्यांना कल्पना नव्हती. आम्ही पोलिसांकडे गेलो. तिथल्या हवालदारांनी फार आस्थेनं लिहून घेतलं. आरोपीचं वर्णन विचारलं. मी म्हटलं, सुसंस्कृत. त्यांनी ‘सु’ लिहिला आणि पेन थांबवलं. विद्या विनयानं शोभते, असं मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले. चोरीचंही तसंच आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं ते असं: आपल्याकडचा खरा बाप मुलानं पाठवलेली वस्तू आनंदानं घेतच नाही. तो आधी नको म्हणतो, मग महाग म्हणतो, मग दुकानावर संशय घेतो, आणि महिन्यानं शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो. जो नको म्हणेल तो खरा. जो आभार मानेल त्याच्यावर पाळत ठेवावी. हा नियम मी स्पृहाच्या मुलींनाही शिकवला आणि त्यानंतर फोनवर एकही चोर निसटला नाही. (एक फार गोड बोलणारे गृहस्थ मात्र खरे निघाले. पण ते मूळचे इंदूरचे होते.)

दुसरी तक्रार फोनवरची नाहीच. वारज्याच्या एका पत्त्यावर लॅपटॉप जायचा होता आणि तिथला फोन कुणी उचलत नव्हतं. मी ठरवलं, आता स्वतःच जायचं, खोकं आपल्या मांडीवर, माणूस डोळ्यांनी पाहायचा, नको म्हणाला तरच द्यायचं. रिक्षानं गेले. लिफ्ट दुरुस्तीला काढलेली. तिसरा मजला चढून गेले तर दाराला कुलूप. शेजारी विचारलं, कुणाला काही माहीत नाही. जिंकल्याच्या आनंदात खोकं उराशी धरून उतरू लागले, तर गुडघ्यानं असहकार पुकारला. तेवढ्यात खालून एक तरुण मुलगा वर येत होता. थांबला, म्हणाला, ‘काकू, द्या इकडे, मी नेतो खाली.’ मी दिलं. पुढे जाता जाता त्यानं मला सांगितलंसुद्धा, ‘सावकाश या, दुसऱ्या मजल्यावरची पायरी फुटलीये.’ खरंच फुटली होती. मी पर्समधून पन्नासाची नोट काढून हातात तयार ठेवली आणि सावकाश उतरले. खाली खोकं नाही, मुलगा नाही. तळमजल्यावर नसीमबानू म्हणून एक बाई राहतात, त्या दारात मेथी निवडत होत्या. त्यांना विचारलं, एक चांगला मुलगा खोकं घेऊन इकडून गेला का. त्या म्हणाल्या, ‘गेला की. तिसऱ्या मजल्यावरचाच तो. रोज खोकी येतात त्याची. पण आज त्याला घरपोच द्यायला बाईमाणूस आलं, हे नवीनच.’ मग माझा चेहरा पाहून त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला आणि आपल्या गुडघ्याची हकीकत सांगितली. ती माझ्यापेक्षा वाईट निघाल्यामुळे मला जरा बरं वाटलं. तो मुलगा पुन्हा त्या घरी आला नाही. ते कार्डही चोरीचंच होतं, सांगायला नकोच. राग येतो आप्पा, पण फुटक्या पायरीपाशी येऊन अडतो. काही दिवस जिन्यावरून उतरताना मला त्याचीच आठवण यायची, आणि ती वाईट आठवण नसायची. हे मी स्पृहाला सांगितलेलं नाही.

स्पृहा मला एका शब्दानं बोलली नाही. रात्रीच्या जेवणाला फक्त एवढं म्हणाली, ‘आई, यापुढे तू फोनच कर हं.’ तिच्या बापाच्या तोंडी हेच वाक्य असतं तर मी आठवडाभर अबोला धरला असता.

आणि आता तिसरी तक्रार आली आहे. ही सर्वांत विचित्र, कारण यात चोर नाही. कार्ड आपल्या देशातलं, मोबाइलवर आकडा आला, तो भरला गेला, वस्तू योग्य घरी पोचली, घरातल्या माणसानं सही केली, वस्तू रोज वापरात आहे. आणि ज्यांचं कार्ड ते सद्गृहस्थ बँकेला लिहून देतात, ‘हे मी घेतलेलं नाही, माझी फसवणूक झाली आहे.’ ते खोटं बोलत नाहीत, हे स्पृहालाही ठाऊक आहे आणि मलाही. त्यांना खरोखरच माहीत नाही. पोचपावती स्पृहाच्या टेबलाच्या खणात आहे. ती बँकेला पाठवली की काम झालं. नाही पाठवली तर मुदत संपताच तक्रार आपोआप सिद्ध होते, आणि मुदत येत्या सोमवारी संपते. पण ही मुलगी ती पाठवत नाही. म्हणते, ‘त्यांना खोटं पाडणारा कागद माझ्या हातून बँकेत जाणार नाही.’ मी म्हटलं, अगं, दुकान जाईल. तर म्हणाली, ‘दुकान पुन्हा काढता येतं.’ हे वाक्य तिनं खोकी मोजत, माझ्याकडे पाठ करून म्हटलं. गाळ्यातल्या मुलींना तिनं अजून काही सांगितलेलं नाही. त्यातली एक, वैष्णवी, आज दुपारी डहाणूकर कॉलनीत एका आजोबांना तोच टॅब पाचव्यांदा शिकवायला गेली, जाताना गुणगुणत होती. मला ते बघवलं नाही, म्हणून मी घरी येऊन पेन शोधलं.

असो. तुम्हाला उगाच आमच्या कटकटी कशाला. चंद्र शेजारच्या टाकीच्या मागून उगवतो, त्यामुळे आमचा उपास तुमच्यापेक्षा दहा मिनिटं जास्त असतो. मोदक वाफेवर आहेत. वहिनींना नमस्कार सांगा. तुमच्या कंबरेला शेक आणि माझ्या वेंधळेपणाला क्षमा, दोन्ही चालू ठेवा, एवढंच मागणं.

तुमची धाकटी,
हिरा

ता. क. आप्पा, ते सद्गृहस्थ तुम्ही आहात. दुकानाचं नाव ‘घरपोच’ असलं तरी सरकारदरबारी स्पृहानं ते तिच्या आजीच्या, म्हणजे आपल्या आईच्या नावानं नोंदवलं आहे, ‘तुळजाबाई ट्रेडर्स’. बँकेच्या हिशेबात ओळ लहान, म्हणून त्यांनी आईला चार इंग्रजी अक्षरांत छाटून टाकलं. ती अक्षरं तुम्ही ओळखली नाहीत यात तुमचा काही दोष नाही, आईनंही ओळखली नसती. मोबाइलवर आलेला आकडा मात्र तुम्हीच चष्मा लावून, गॅसच्या नोंदणीचा समजून, वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवला होता. तेव्हा विनंती अशी की सोमवारच्या आत बँकेला फोन करून सांगा, की हा व्यवहार माझ्या घरचाच आहे आणि तक्रार मागे घेतो. बँकेचा नंबर मी देत नाही. माझ्या पत्रातल्या नंबरावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. तो कार्डाच्या मागे छापलेला आहे. आणि स्पृहाला यातलं काही बोलू नका. मामाला खोटं पाडायचं नाही म्हणून ती दुकान घालवायला निघाली होती, हे तुम्हाला कळलं असं तिला कळलं तर ती माझ्याशी बोलायची नाही.

ता. क. दुसरा. वस्तू काय, ते राहिलंच. कानात घालायची दोन बोंडं आहेत, बाहेरचा आवाज पार बंद करणारी. वहिनींनी घेतली. केसांआड दिसत नाहीत. दुपारी जेवणानंतर तुम्ही त्यांना कालव्याच्या कामाच्या हकीकती सांगता, तेव्हा त्या मान डोलावत रहस्यकथा ऐकत असतात. मागच्या लग्नात तुम्ही चारचौघांत म्हणालात ना, की सुशीला हल्ली मध्ये बोलत नाही, शांतपणे ऐकते. ते ही बोंडं आली तेव्हापासूनचं. रागावू नका. त्यांचं ब्लडप्रेशर उतरलं आहे, आणि हकीकती तुम्हालाही पूर्ण करायला मिळतात.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. हे मी वहिनींना विचारूनच लिहिलं आहे. मी फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्या रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, ‘वन्सं, मी आजच सांगते त्यांना.’ दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. सहा वेळा तोंड उघडलं, पण तुम्ही मध्ये शिरू दिलं नाहीत. शेवटी म्हणाल्या, ‘तुम्हीच पत्र लिहा. आलेलं पत्र ते मला मोठ्यानं वाचून दाखवतात, तेव्हा कळेलच. त्या वेळेपुरती मी कानातली काढून ठेवीन.’ तेव्हा आप्पा, इथवर वाचून झालं असेल तर जरा थांबा आणि मान वर करून समोर बघा. बऱ्याच महिन्यांनी आज वहिनी ऐकत आहेत.